गल्लीतलं पिल्लू घरी आलंय, सोबत दोन वर्षांची मांजर, लसीकरण कसं सुरू करायचं?

दमाणीनगरचा_दादा:
नमस्कार मंडळी. आमच्या गल्लीत एका कुत्रीनं पिल्लं दिली होती, त्यातलं एक ड्रेनेजसाठी खणलेल्या चरात पडून ओरडत होतं, आमच्या कन्येनं ते उचलून घरी आणलं आणि आता ती सोडायला तयार नाही, आणि खरं सांगायचं तर घरात कुणीच तयार नाही. दीड-दोन महिन्यांचं असेल, तपकिरी रंगाचं, नाव बुंदी ठेवलंय. घरात आधीपासून दोन वर्षांची मांजर आहे, चिंगी. तिला आजपर्यंत कुठलीच लस दिलेली नाही, ती घरातलीच आहे पण संध्याकाळी माळवदावर जाऊन शेजाऱ्यांच्या घरांवरून फिरून येते.

आता गोंधळ असा की प्रत्येकजण वेगळं सांगतोय. वडील म्हणतात देशी कुत्र्याला काही लागत नाही, फार तर रेबीजचं एक मारून आण. नेटवर बघितलं तर सेव्हन इन वन, नाईन इन वन, पपी डीपी असलं काय काय, डोकंच चालेना. कोपऱ्यावरचा मेडिकलवाला म्हणतो लस माझ्याकडून घ्या, माझ्या ओळखीचा माणूस घरी येऊन टोचून जाईल, डॉक्टरांची फी वाचेल. एकाच दिवशी सगळं दिलं तर चालतं का? चिंगीला आता या वयात सुरू करता येतं का? ती बॅगेत वगैरे बसत नाही, मागं एकदा नेताना शेजारच्या काकूंच्या हाताला ओरबाडलं होतं.

आणि हो, बुंदी दात शिवशिवतात म्हणून सारखं कुणाला ना कुणाला चावत असतं, परवा मुलीच्या मनगटाला दात लागून थोडं रक्त आलं, डेटॉल लावलं, तसं विशेष काही नाही पण ही चावायची सवय कशी मोडायची तेपण कुणी सांगा.

कंबर_तलाव_वॉकर:
बुंदी, लई भारी नाव बे. लसीचं जाणकार सांगतीलच, मी फक्त फोटो मागायला आलोय.

उद्याचा_डॉक्टर:
दादा, तुमची शेवटची ओळ वाचली आणि बाकीचे सगळे प्रश्न बाजूला ठेवले. मुलीला आज, म्हणजे हे वाचून झाल्यावर लगेच, सिव्हिलला घेऊन जा.

पिल्लू रस्त्यावरचं आहे, त्याच्या आईला लस दिलीय का कुणाला माहीत नाही, ते चरात पडायच्या आधी त्याला कोण चावलं होतं तेही माहीत नाही. दात लागून रक्त आलंय म्हणजे ती तिसऱ्या, म्हणजे सगळ्यात गंभीर वर्गातली जखम धरतात, त्यात लस पण लागते आणि जखमेत सिरम, म्हणजे तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन, तेपण. पिल्लू छोटं आहे, गोड आहे, खेळतंय म्हणून त्याला रेबीज नसेलच असं धरून चालता येत नाही, एवढ्या लहान पिल्लांनाही होतो. नव्व्याण्णव टक्के काही नसेल, पण हा असा आजार आहे की माणसात लक्षणं दिसायला लागली की मग हातात काही राहत नाही, जे करायचं ते आधीच करावं लागतं.

जायच्या आधी जखम नळाखाली धरून साबणानं चांगली १५ मिनिटं धुवा. परवाची असली, वरून सुकलेली असली तरी धुवा. हळद, चुना, तिखट, कॉफी असलं काही भरायचं नाही, कुणी कितीही सांगू दे. पोटातली चौदा इंजेक्शनं ही जुनी गोष्ट झाली, मुलीला ते सांगून घाबरवू नका, आता दंडात देतात. सरकारी दवाखान्यात बहुतेक कातडीत देतात, पहिल्या दिवशी, मग ३, ७ आणि २८ व्या दिवशी. घरात अजून कुणाला दात लागले असतील, किंवा कुणाच्या हातापायाला भेगा, चिरा असतील आणि पिल्लू तिथं चाटत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

एक महत्त्वाचं. घाबरून पिल्लाला परत गल्लीत सोडू नका. ते १० दिवस डोळ्यासमोर असणं फार कामाचं आहे, १० दिवस ठणठणीत राहिलं तर पुढच्या डोसांचं काय करायचं ते डॉक्टर त्यावरून ठरवतात. पण त्या १० दिवसांची वाट बघून मग इंजेक्शन घेऊ असं करायचं नाही. आज पहिलं.

बुंदी आणि चिंगीचं तुम्ही परत आल्यावर लिहितो. मी शिरवळच्या व्हेटर्नरी कॉलेजला शेवटच्या वर्षाला आहे, घर सोलापूरचंच, जुळे सोलापूर.

मनीमाऊची_आई:
वरच्या मुलाचं शंभर टक्के ऐका. ते डेटॉल वाचून मलापण धस्स झालं. आणि दादा, शेजारच्या काकूंना चिंगीनं ओरबाडलं होतं ते कधी? मांजराच्या ओरखड्याला पण हेच सगळं लागू असतं, मांजराला रेबीज होतो हे लोकांना माहीतच नसतं.

दमाणीनगरचा_दादा:
ते मागच्या पावसाळ्यात, काकू ठणठणीत आहेत आणि चिंगीपण. निघतोय सिव्हिलला.

निवृत्त_काका_होटगीरोड:
ते येईपर्यंत मेडिकलवाल्याच्या ऑफरबद्दल लिहून ठेवतो, परत आल्यावर वाचतील.

मी डॉक्टर नाही, पशुधन पर्यवेक्षक म्हणून सगळी नोकरी खेड्यापाड्यातल्या सरकारी दवाखान्यांत झाली, लशीचे थर्मास खांद्याला लावून फिरण्यात उमर गेली म्हणा. लस २ ते ८ अंशात ठेवावी लागते. कंपनीतून निघाल्यापासून ते जनावराच्या अंगात जाईपर्यंत. आता एप्रिल चालू आहे, दुपारी सोलापुरात ४२-४३ होतं, बंद गाडीच्या डिकीत त्याहून जास्त. मेडिकलवाल्याच्या फ्रीजमधून पिशवीत, पिशवीतून त्या ओळखीच्या माणसाच्या डिकीत, तिथून तो वाटेत चहा पिऊन तुमच्या घरी. खराब झालेली लस दिसायला बहुतेक तशीच दिसते हो, वास येत नाही की रंग उडत नाही. सुई टोचली की पिल्लू ओरडतं, पैसे दिले जातात, सगळ्यांना वाटतं झालं काम, आणि अंगात गेलेलं असतं नुसतं पाणी. उलट काही हुशार लोक जास्त काळजी म्हणून रेबीजची लस बर्फाला चिकटवून किंवा फ्रीजरमध्ये ठेवतात, तीपण गोठली की वाया. दुकानाची लाईट रात्रीची किती वेळ जाते, फ्रीज कितीदा उघडतो, हे विचारायची सोय कुठंय.

डॉक्टरकडे गेलात की लाजू नका, बाटली समोर उघडायला सांगा. पार्वो आणि डिस्टेंपर हे पिल्लांना मारणारे दोन विषाणूचे आजार, त्यांची लस दोन छोट्या बाटल्यांत येते. एकीच्या तळाशी पांढरट वाळलेली वडी असते, दुसरीत पातळ औषध. पातळ सिरिंजमध्ये ओढून वडीच्या बाटलीत सोडतात, हलवतात, वडी क्षणात विरघळते आणि लगेच टोचतात. आधीच विरघळवून ठेवलेलं, सिरिंजमध्ये भरून ठेवलेलं घेऊ नका. बाटलीवरचं स्टिकर सुटं निघतं, त्यावर बॅच नंबर आणि एक्सपायरी असते, ते कार्डावर चिकटवून खाली तारीख, सही आणि डॉक्टरांचा रजिस्ट्रेशन नंबर. कुणी ओळखीचा माणूस टोचून गेला तर त्या कार्डाला काही किंमत नाही. उद्या रेल्वेनं न्यायचं म्हणलं, कुणाच्या बोर्डिंगमध्ये ठेवायचं म्हणलं किंवा कुणाला चावलं आणि कागद मागितला की रजिस्टर्ड डॉक्टरचीच सही लागते.

पैशाचा प्रश्न असेल तर सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा, तिथं फी नाममात्र असते. लस शिल्लक आहे का ते फोन करून विचारा मात्र, नाहीतर हेलपाटा. २८ सप्टेंबरला जागतिक रेबीज दिनाला ठिकठिकाणी फुकट शिबिरं असतात पण त्याला अजून अवकाश आहे, त्याची वाट बघत बसू नका.

कारवानवाला_मंगळवेढा:
काका तुमचा मान ठेवून बोलतो. आमच्याकडं आजोबापासून कारवानी कुत्री हायती, शेतावर राखणीला. रेबीजचं दरसाल देतो, ते आमाला कुणी शिकवायची गरज न्हाई, गावात एकदा पिसाळलेलं कुत्रं गाईला चावून गाय गेली तवापासून कानाला खडा. पण हे सेव्हन इन वन नाईन इन वन कशाला? शहरातली लोकं विदेशी कुत्री आणलालेत आणि त्यांची इंजेक्शनं आमच्या देशी कुत्र्याला टोचलालेत. देशी जात मुळात काटक असती. कंपन्यांचा धंदा हाय सगळा.

निवृत्त_काका_होटगीरोड:
मालक, राग मानू नका, एक विचारतो. तुमची कुत्री व्याली की पिल्लं किती होतात?

कारवानवाला_मंगळवेढा:
सात, आठ. एकदा अकरा झाली होती.

निवृत्त_काका_होटगीरोड:
आणि वर्ष पुरं करतात किती?

कारवानवाला_मंगळवेढा:
दोन-तीन राहत्यात. बाकीची हगवणीनं जात्यात, काही जंतानं. ते असंच असतंय काका, जी टिकती ती खरी.

निवृत्त_काका_होटगीरोड:
हगवणीनं म्हणजे रक्ताची, लांबून नाक धरावं लागेल असा वास, उलट्या, दोन दिवसांत पिल्लू चिपाड. त्यातली बरीचशी पार्वोची असतात मालक. तुम्ही मोठी झालेली दोन बघता आणि काटक म्हणता, गेलेली पाच मोजणीत धरत नाही. आणि एकदा अंगणात पार्वो होऊन गेला की तो विषाणू मातीत कित्येक महिने, वर्षभरसुद्धा टिकतो, म्हणून पुढच्या विणीची पिल्लंपण तशीच जातात. फिनेलनं जात नाही, ब्लीचिंगनं जातो, तेही फरशीवर, मातीत कठीणच.

कारवानवाला_मंगळवेढा:
हम्म. पुढच्या विणीला दोन पिल्लाला देऊन बघतो. सगळ्याला न्हाई.

उद्याचा_डॉक्टर:
मालक दोन पिल्लांना देऊन बाकीची त्यांच्यात ठेवली तर नुकसान बाकीच्यांचंच आहे, पण चला, दोन तर दोन.

दमाणीनगरचा_दादा:
आलो परत. मुलीला दोन्ही दंडांत कातडीत बारीक सुया दिल्या, ते काही वाटलं नाही तिला, पण मनगटाच्या जखमेत सिरम टोचलं तेव्हा अख्खा वॉर्ड गोळा होईल एवढी रडली. डॉक्टर म्हणाले बरं झालं आलात, पिल्लावर लक्ष ठेवा, पुढची तारीख कार्डावर लिहून दिलीय. आईच्या टाचेला भेगा आहेत आणि बुंदी तिथंच चाटत असतं, तिलापण नेलं होतं, तिचं पण सुरू केलं. उद्याचा_डॉक्टर भाऊ, खरंच उपकार झाले. आता बुंदीचं सांगा.

उद्याचा_डॉक्टर:
उपकार कसले, बरं वाटलं वाचून.

बुंदीचं. आधी वय नक्की करू, दीड महिना आणि दोन महिने यात फरक पडतो. दातांचा फोटो काढून दवाखान्यात दाखवा, दुधाचे सगळे दात आले असतील तर साधारण आठ आठवडे धरतात. पहिलं काम लसीचं नाहीच, जंताचं औषध. पोट नगाऱ्यासारखं आणि पाय काड्या असं दिसत असेल तर पोटात जंत भरलेत समजा. वजन करून त्या हिशोबानं औषध, तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, मग सहा महिन्यांपर्यंत महिन्याला एकदा. गोचीड असतील तर तेपण डॉक्टरांना दाखवा, आपल्याकडं उन्हाळ्यात गोचीड ताप फार असतो आणि तापात असलेल्या पिल्लाला लस देत नाहीत.

मग पार्वो-डिस्टेंपरची एकत्रित लस, सहा ते आठ आठवड्यांनंतर पहिला डोस, दर तीन-चार आठवड्यांनी पुढचा, आणि शेवटचा डोस १६ आठवडे पूर्ण झाल्यावर. लोकं इथंच घोळ करतात. दोन डोस झाले, पिल्लू अडीच महिन्यांचं झालं, खेळतंय, मग तिसऱ्याला कोण जातंय. पण कारण समजून घ्या. आईच्या पहिल्या दुधातून पिल्लाला अँटीबॉडी मिळतात, त्या दारात बसलेल्या वॉचमनसारख्या असतात आणि त्या वॉचमनला चोर आणि पाहुणा यातला फरक कळत नाही, तो लसीलाही बाहेरच अडवतो. या अँटीबॉडी हळूहळू कमी होत जातात, काही पिल्लांत आठ आठवड्यांत संपतात, काहींत चौदा-पंधरापर्यंत टिकतात, तुमच्या पिल्लात कधी संपल्या ते बाहेरून कळत नाही. मधे काही दिवस असेही येतात की खऱ्या पार्वोला अडवण्याइतक्या त्या उरलेल्या नसतात पण लसीला निकामी करण्याइतक्या असतात. म्हणून परत परत द्यावी लागते, आणि शेवटचा डोस सोळा आठवड्यांच्या आधी उरकला तर आधीच्या सगळ्याचा भरवसा राहत नाही.

रेबीजची लस तीन महिने म्हणजे १२ आठवडे झाल्यावर. काही डॉक्टर महिनाभरानं तीच परत एकदा देतात, देऊ द्या, मग दरवर्षी. बुंदीचं ते वय झालेलंच नाही त्यामुळं या १० दिवसांत तो प्रश्नच येत नाही. पार्वोचा पहिला डोस या दिवसांत द्यायचा की थांबायचं ते डॉक्टरांना मुलीला चावल्याचं सांगून ठरवा. रेबीज आणि एकत्रित लस एका दिवशी दोन वेगळ्या जागी देतात, चालतं.

चावायची सवय. हातापायांनी खेळवू नका, जुन्या टॉवेलला गाठ मारून ओला करून द्या, दात लागले की खेळ बंद आणि उठून निघून जायचं. मारायचं नाही.

सम्राट_चौक_७:
नाईन इन वन आणि सेव्हन इन वनमधला घोळ पण सांग की भावा, आमच्या डॉक्टरनं नाईन दिलं, मित्राच्या डॉक्टरनं सेव्हन, दोघंबी आपापलं चांगलं म्हणतात. आणि दरवर्षी सगळं द्यायचं का? कुणी तरी म्हणतं तीन वर्षांनी.

उद्याचा_डॉक्टर:
आकड्याला भुलू नका. मुख्य आजार तेच, डिस्टेंपर, पार्वो, हिपॅटायटिस, सोबत पॅराइन्फ्लुएंझा आणि लेप्टो. लेप्टोचे किती प्रकार मोजले आणि कोरोना घातला की नाही यावर सात, आठ, नऊ होतं. हा कोरोना कुत्र्यांच्या आतड्याचा, २०२० वाला नाही. त्याची लस द्यायची गरज नाही असं जागतिक पातळीवरच्या गाईडलाइनमध्ये म्हटलंय, त्यामुळं नऊ मिळालं म्हणून उड्या मारू नका आणि सात मिळालं म्हणून रुसू नका.

तीन वर्षांचं म्हणाल तर ते खरं आहे, पण अर्धं. छोट्या प्राण्यांच्या डॉक्टरांची जागतिक संघटना आहे, त्यांची २०२४ ची गाईडलाइन आहे. पिल्लाचे डोस नीट झाले, सहा महिन्यांच्या आसपास एक बूस्टर झाला, की डिस्टेंपर-पार्वो-हिपॅटायटिस तीन वर्षांत एकदापेक्षा जास्त लागत नाही. लेप्टोचं मात्र संरक्षण वर्षभरच धरतात, ते दरवर्षी. आणि लेप्टो उंदराच्या मुतातून पसरतो, माणसालापण होतो, पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून जाणाऱ्या कुत्र्याला सोडून चालत नाही. आता आपल्याकडं हे सगळं एका पॅकमध्ये येतं म्हणून डॉक्टर दरवर्षी सगळंच देतात. सुटं लेप्टो मिळतंय का विचारा, नसेल तर वाद घालत बसू नका, दरवर्षी घेतल्यानं कुत्र्याचं काही बिघडत नाही. रेबीज दरवर्षी, यात चर्चा नाही.

मनीमाऊची_आई:
आता चिंगीचं मी सांगते, कारण मांजरांचं कुणी विचारतच नाही.

दोन वर्षांची असली तरी आरामात सुरू करता येतं, उशीर वगैरे काही नसतं. मांजरांची तीन आजारांची एकत्र लस असते, पॅनल्युकोपेनिया म्हणजे मांजरांचा पार्वोच, आणि सर्दी-शिंका-तोंडात फोड आणणारे दोन विषाणू, हर्पिस आणि कॅलिसी. मोठ्या मांजराला तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस, सोबत रेबीजचा एक, मग पुढच्या वर्षी बूस्टर. छोटी पिल्लं असतील तर आठव्या आठवड्यापासून सुरू करून तेही सोळा आठवड्यांपर्यंत. घरातलीच आहे म्हणू नका, माळवदावर जाते म्हणजे गल्लीतल्या बोक्यांशी गाठ पडतेच, आणि पॅनल्युकोपेनिया तर तुमच्या चपलेला चिकटून घरात येतो. सर्दीची लस दिली तरी कधीतरी शिंकेल, पण डोळे चिकटून, खाणं सोडून आडवी पडणार नाही.

दवाखान्यात आधी फोन करा. कुत्र्यांची लस सगळीकडं असते, मांजरांची प्रत्येकाच्या फ्रीजमध्ये असतेच असं नाही, काही डॉक्टर दोन-तीन मांजरं जमली की मागवतात.

न्यायचं कसं ते. बॅग घेऊ नका, तिला बॅग दिसली की ती माळवदावर. भाजीवाल्यांकडं प्लास्टिकचे क्रेट असतात ना जाळीचे, तसे दोन घ्या, एक उलटा दुसऱ्यावर ठेवून चारी कोपरे सुतळीनं बांधता येतात. आठवडाभर आधी खालचा क्रेट तिच्या नेहमीच्या जागी ठेवा, आत तिचं फडकं, रोज त्यातच खायला. जायच्या दिवशी सकाळी खाणं कमी द्या. अगदीच हाताळू देत नसेल तर मोठा टॉवेल तिच्यावर मागून टाकायचा, पाय आत घेऊन गुंडाळायचं, फक्त तोंड बाहेर, आणि तशीच्या तशी क्रेटमध्ये. वरून जुनी सोलापुरी चादर टाका म्हणजे काही दिसत नाही, दिसलं नाही की आवाज निम्मा होतो. दवाखान्यात क्रेट जमिनीवर ठेवू नका, शेजारी कुत्री असतात, खुर्चीवर किंवा मांडीवर. आणि डॉक्टरांना सांगा इंजेक्शन मानेजवळ नको, पायात खाली द्या. क्वचित कुठल्यातरी मांजराला लस दिलेल्या जागी गाठ होते, ती कॅन्सरची निघाली तर मानेजवळ काही करता येत नाही, पायाला करता येतं. घाबरवत नाही, फार क्वचित होतं, पण सांगायला काय जातंय.

लस झाली की वीस-तीस मिनिटं तिथंच बसा. तोंड सुजणं, उलट्या, धाप असं झालं तर लगेच डॉक्टर समोर आहेत. घरी आल्यावर एक दिवस कपाटाखाली जाऊन बसेल, कमी खाईल, ते चालतं. दोन दिवस तोंडच लावलं नाही तर परत फोन.

चिंगीचं ऑपरेशन झालंय ना?

दमाणीनगरचा_दादा:
ताई, क्रेटची आयडिया एक नंबर, उद्याच मार्केट यार्डात बघतो. ऑपरेशन नाही झालेलं अजून. का?

मनीमाऊची_आई:
कारण ही तीन आजारांची लस बहुतेक जिवंत विषाणूची असते, गाभण मांजरीला देत नाहीत. दोन वर्षांची, ऑपरेशन नाही, रोज संध्याकाळी माळवदावर. पोट बघा तिचं.

अशोक_चौक_पद्मा:
मधेच बोलते. सगळे बुंदीचं आणि चिंगीचं बोलतायत, बुंदीची आई आणि बाकीची पिल्लं अजून त्या चरापाशीच असतील ना? गल्लीतली मुलं त्यांच्याशीपण खेळत असणार. महापालिकेकडं नसबंदी आणि रेबीज लसीसाठी कळवा. एबीसीच्या, म्हणजे भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीच्या २०२३ च्या नियमात नसबंदी, लस करून त्याच जागी आणून सोडायचं असं आहे, सहसा कायमचं उचलून नेत नाहीत, त्यामुळं गल्लीतल्या प्राणीप्रेमींनी भांडण काढायचं कारण नाही. आमच्याकडं पूर्व भागात आम्ही गल्लीतल्या चार-पाच घरांनी वर्गणी काढून डॉक्टरांनाच बोलावलं, कुत्र्यांना रोज भाकरी घालणारी एक आजी आहे, तिच्याच हातून धरली सगळी. सत्तर टक्के कुत्र्यांना लस झाली तरी रेबीजची साखळी तुटते म्हणतात, गल्लीत दहा कुत्री असतील तर सात धरायची आहेत, तेवढं जमतं.

निवृत्त_काका_होटगीरोड:
ताईंनी बरोबर धरलं. दादा, बाकीच्या पिल्लांना हात लावणाऱ्या पोरांच्या घरीपण सांगून या, कुणाला ओरखडा दात लागला असेल तर.

दमाणीनगरचा_दादा:
हो, आजच सगळ्यांच्या घरी जाऊन आलो, समोरच्या घरातल्या एका मुलाला पण दात लागलाय म्हणे चार दिवसांपूर्वी, त्याच्या वडिलांना पाठवलं सिव्हिलला. वर्गणीचं बोलतोय, गणपती मंडळाच्या ग्रुपवर टाकलंय, दोघांनी अंगठा दाखवलाय बाकी सगळे गप्प.

आणि मनीमाऊची आई, चिंगीचं पोट बघितलं. आम्हाला वाटत होतं उन्हाळ्यात घरी पडून असते म्हणून सुटलीय. बायको म्हणते मला आधीच वाटलं होतं.

मनीमाऊची_आई:
वाटलंच मला! आता असं करा. डॉक्टरांना फोन करून गाभण आहे हे सांगा, दाखवून घ्या, तीन आजारांची लस आत्ता नाही. रेबीजची लस मेलेल्या विषाणूची असते पण तीपण आत्ता द्यायची का ते त्यांनाच ठरवू दे. पिल्लं झाली, अंगावरचं दूध तुटलं की तिची लस आणि मग ऑपरेशन, आणि तोवर माळवदाचं दार बंद, मांजर पिल्लं पाजत असतानाही परत गाभण राहते. बुंदीला तिच्या खोलीपासून लांब ठेवा. आणि पिल्लं आठ आठवड्यांची झाली की त्यांची लस सुरू, तेव्हा इथं येऊन लिहा, दोन पिल्लांना घर बघून देते मी.

कंबर_तलाव_वॉकर:
फोटो राहिला बे अजून.